दोन बोटं सैल

चिखल्याच्या खाण कॉलनीतल्या निम्म्या बायांचे ब्लाऊज माझी आई शिवायची. तिचं माप कधी चुकत नसे. पण पोरींच्या कपड्यांत ती दोन बोटं जास्त सोडायचीच. वाढतं अंग आहे, कापड वाया जाऊ नये. कपडा मला मापात येईपर्यंत तो विटलेला असे.

आठवीत जिम्नॅस्टिक्सच्या जिल्हा स्पर्धेसाठी मॅडमनी लिओटार्ड शिवून आणायला सांगितला. ताणणाऱ्या कापडाचा, अंगाला चिकटून बसणारा, पाय उघडे. असलं काही घालून पोरीने लोकांपुढे उड्या मारायच्या, हे खाणीत काम करणाऱ्या बाबांच्या पचनी पडेना. आई दोन दिवस त्यांच्या मागे लागली, तेव्हा म्हणाले, "एक डाव जाऊ दे. निवड झाली त पुढचं पाहू. नाही झाली त हा कपडा पुन्हा आंगाले लावाचा नाही."

मॅडमनी चिठ्ठीत लिहिलं होतं, मापापेक्षा कमीच बेता. आईने चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि नेहमीची दोन बोटं सोडली. पोरी किती भराभर वाढतात हे मास्तरणीला काय ठाऊक, असं तिचं म्हणणं. जांभळा, चमकदार, दृष्ट लागावी असा झाला. तो सैल आहे हे मलाही कळलं नाही, मी सैल कपड्यांतच वाढलेली. नवा कपडा सरावात मळवायचा नाही, म्हणून अंगात घालून उडी मारली ती थेट स्पर्धेत.

भंडाऱ्याला बीमच्या उंच, अरुंद दांडीवर चार पावलं नीट टाकली. गिरकी घेताना खांद्यावरची पट्टी घसरली, हात आपोआप ती सावरायला गेला आणि मी खाली. पुन्हा चढले, पुन्हा तेच. निवड झाली नाही. बाबांनी विचारलंही नाही, माझं तोंड पाहून समजले.

मी आईशी कितीतरी महिने धड बोलले नाही. चूक तिची होती आणि ती तिला माहीत होती, म्हणून मला आणखीच राग येई.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी तिने खोलीची कडी लावली आणि पेटीतून तो जांभळा लिओटार्ड काढून माझ्यापुढे धरला. मी घातला. कुठे सुरकुती नाही. हात वर कर म्हणाली. केले. पट्टी जागची हलली नाही.

"आता बसला बरोबर," आई म्हणाली आणि रडायला लागली.

बाहेर बाबा जेवायला बसले होते. मी तो काढला, माझा सैल कुर्ता घातला आणि त्यांना पाणी नेऊन दिलं.