वेल चंदगडची, नावं आमची

विद्यापीठातली लॅब सोडून मला दोन वर्षं झाली. आता मंगळवार पेठेत घरीच बारावीच्या मुलांना बायॉलॉजी शिकवते. पण लॅबमधल्या मैत्रिणी भेटल्या की चहा गार होईपर्यंत किस्से चालतात. प्रयोगाच्या वहीत फक्त आकडे लिहायची सोय होती, बाकीचं सगळं डोक्यात साठत गेलं. सहा वर्षांत बरंच साठलं.

*

माझा पीएचडीचा विषय एक रानवेल. चंदगडकडं जखमेवर तिचा पाला वाटून लावतात. सर म्हणजे माझे गाईड आणि मी एसटीनं गेलो, तर गावात कुणालाच वेल नेमकी दाखवता येईना. शेवटी गंगाक्का नावाच्या म्हातारीनं आम्हाला भर पावसात दीड तास डोंगर चढवला. वेल दाखवली, कधी तोडायची, किती वाटायची, सगळं सांगितलं. सरांनी एका फॉर्मवर तिचा अंगठा घेतला.

पुढं या कामाचा पेपर जर्नलमध्ये छापून आला तेव्हा मी एक प्रत घेऊन मुद्दाम तिच्याकडं गेले. तिनं हात पुसून ती घेतली, पानं उलटली आणि विचारलं, "ह्यात माझं नाव कुठं हाय?"

मी एका ओळीवर बोट ठेवलं. तिथं 'स्थानिक लोकांच्या माहितीनुसार' असं होतं. मी ते वाचून दाखवलं.

तिनं प्रत माझ्या हातात परत दिली. "मग ही गावाला दे की. मला कशाला?"

*

हा पेपर छापून यायच्या आधीची गोष्ट. वेलीचे अर्क आणि कॅन्सरच्या पेशींवर ते वापरून केलेल्या प्रयोगांचे नमुने आम्ही उणे ऐंशी डिग्रीच्या फ्रीजरमध्ये ठेवायचो. फ्रीजर व्हरांड्यात होता, शेजारी सभागृह. तिथं दोन दिवसांची परिषद भरली, विषय 'संशोधनाची संस्कृती'. मंडपवाल्याला साऊंडसाठी प्लग हवा होता. त्यानं फ्रीजरचा काढला. अलार्म वाजायला लागला, तर भाषणात व्यत्यय नको म्हणून कुणीतरी तोही बंद केला.

सोमवारी सकाळी आले तर व्हरांड्यात पाणी. तीन वर्षांचे नमुने पाघळून गेले होते. मी तिथंच खाली बसले. सर आले, बघितलं, म्हणाले की सहा महिन्यांत सगळं परत करून टाक, आणि परिषदेचा अहवाल लिहायला निघून गेले.

इस्माईलमामा आमचे लॅब अटेंडंट, रिटायरमेंटला आलेले. त्यांनी फरशी पुसून घेतली, फडकं पिळलं आणि मग म्हणाले, "तीन वर्षं पुसाय धा मिनिटं लागली बघा, मॅडम."

*

सहा महिन्यांचं काम दीड वर्षात झालं. पेपर लिहून झाला आणि सरांनी नावांची यादी दिली. पहिलं नाव विभागप्रमुखांच्या सुनेचं! ती लॅबमध्ये एकदाच आली होती, हळदीकुंकवाचं बोलावणं करायला. माझं नाव चौथं.

मी विचारायला गेले. सरांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, शांतपणे समजावलं. "तुझं लग्न झालं की आडनाव बदलणारच आहे. मग या नावाचं एवढं काय घेऊन बसलीस?"

*

पेपर आला आणि सरांनी एका पत्रकाराला बोलावलं. दुसऱ्या दिवशी बातमी : 'चंदगडच्या वेलीनं कॅन्सर बरा.' खरं तर काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशी अर्कानं मेल्या होत्या, एवढंच. फिनेलनंही मेल्या असत्या. मी सरांना म्हटलं, खुलासा करू या. त्यांनी कात्रण बोर्डावर लावलं. लोक यायला लागले तसे सर मीटिंगमध्ये असायला लागले आणि माणसं माझ्याकडं यायला लागली.

त्यातले एक कसबा बावड्याचे, ऊसवाले शेतकरी, पन्नाशीचे. पिशवीत बायकोच्या फायली. बायको बाहेर बाकावर बसलेली, डोक्याला रुमाल बांधून. मी त्यांना सगळं खरं सांगितलं. हे औषध नाही, माणसाला अजून दिलेलंच नाही, फक्त पेशींवर बघितलंय.

ते रागावले नाहीत. म्हणाले, त्या पेशी तरी दाखवा. मी इन्क्युबेटरमधून एक बाटली काढून मायक्रोस्कोपखाली ठेवली. ते वाकून बघत राहिले.

"जित्त्या हाईत?"

"हो. रोज वाढतात."

"कुणाच्या?"

"परदेशातल्या एका बाईच्या. तिलाही कॅन्सर होता. तुमच्या-माझ्या जन्माआधीच गेली ती."

त्यांनी मायक्रोस्कोपवरचा डोळा काढला नाही. मग सरळ झाले, दाराच्या काचेतून बाकाकडं बघितलं आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाले,

"मॅडम, मग आमच्या हिच्याबी ठिवून घेता यील काय?"