पाळंदेबाईंचा कोरिया

गुडगावच्या फ्लॅटमध्ये वासंती पाळंदे राहायला आल्या, तेव्हा आधीचे भाडेकरू दोन गोष्टी मागं ठेवून गेले होते. एक म्हणजे फ्रिजमधला आंबूस, लसणीचा वास, आणि दुसरी ओट्याखालच्या कपाटात पडलेली एक जाडजूड इंग्रजी कादंबरी. भाडेकरू कोरियन होते. नवरा कुठल्याशा कंपनीत इंजिनिअर होता आणि बायको सदा हसतमुख. वास सोडा ठेवूनही हटेना. कादंबरी मात्र बाईंनी ठेवून घेतली, कारण अकराव्या मजल्यावर दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये अशी वेळ कधी आली नव्हती. तिथं दार उघडं टाकलं की समोरची मद्रासी, वरची बंगाली आणि खालची पंजाबी अशा तिघीजणी चहाला हजर. इथं शेजारी कोण राहतं हे त्यांच्या एसीच्या आवाजावरून ओळखायचं. यजमान दीनानाथ केंद्र सरकारातून अवर सचिव म्हणून निवृत्त झाले होते आणि आता सोसायटीच्या लिफ्टबद्दल मुद्देसूद तक्रारअर्ज लिहीत असत. मुलगी सलोनी कॉल सेंटरमध्ये होती. ती दिवसा झोपायची, त्यामुळं घरात कुकरची शिट्टीसुद्धा दबकत व्हायची.

तर कादंबरी. कोरियावर जपान्यांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट, समुद्रकाठच्या एका गावातली. पहिल्या वीस पानांतच चार किम आणि तीन पार्क येऊन गेले. कोण कुणाचा काका आणि कोण कुणाची सून, काही पत्ता लागेना. बी.ए.ला इंग्रजी घेतलेल्या बाईंना हा अपमान वाटला. शेवटी वैतागून त्यांनी सगळ्यांचं बारसं उरकून टाकलं. गावातला मास्तर झाला शांताराम. त्याची हट्टी म्हातारी आई अहिल्याबाई. भातगिरणीचा मालक, जो जपान्यांपुढं शेपूट हलवत फिरायचा, तो विलासराव. दीनानाथांच्या मावसभावाचं नावही विलासच होतं, पण हा योगायोग आहे की नाही हे बाईंनी सांगितलं नाही. जपानी ठाणेदाराला मात्र त्या नुसतं ‘मेला’ म्हणत.

मग वाचन भराभरा पुढं सरकलं. जेवताना दीनानाथांना रोजचा वृत्तांत मिळू लागला.

“आज अहिल्याबाईंचा सगळा तांदूळ उचलून नेला हो मेल्यानं.”

“कोण अहिल्याबाई? सेक्टर तीनच्या?”

“कोरियातल्या. आणि विलासराव नुसते दात काढत उभे!”

“विलास कोरियाला कधी गेला?” दीनानाथ म्हणाले आणि आमटीत पोळी बुडवून शांतपणे खाऊ लागले.

अर्धं पुस्तक झाल्यावर एका दुपारी तो भाग आला. सरकारचं फर्मान निघतं की कोरियन लोकांनी जपानी नावं घ्यावीत. सहा महिन्यांची मुदत. न घेतील त्यांच्या पोरांना शाळा नाही, घराला रेशन नाही. मास्तर नाव बदलतो, कारण नोकरी आहे. म्हातारी बदलत नाही. रेशनच्या रांगेत कारकून तिला ठेवलेल्या जपानी नावानं पुकारतो, ती समोर उभी राहून आभाळाकडं बघत राहते, आणि तिचा तांदूळ पुढच्या बाईच्या पिशवीत पडतो.

“शाब्बास अहिल्याबाई!” वासंतीबाई एकट्याच मोठ्यानं म्हणाल्या.

आणि लगेच चपापल्या. बिचारीचं नाव अहिल्या कुठं होतं? पुस्तकात चांगलं ‘ओक-सून’ छापलेलं होतं. जपान्यांनी तिचं नाव बदलायच्या कितीतरी आधी पाळंदेबाईंनी ते काकडी खात खात, सोफ्यावर पाय पसरून बदलून टाकलं होतं. त्यासाठी त्यांना फौजसुद्धा लागली नव्हती. बाईंना मनापासून लाज वाटली. त्या दिवशी भाजी परतताना त्या ‘ओक-सून, ओक-सून’ असं घोकत होत्या, आणि वांगी खाली लागली.

असा अपराध एकट्यानं पचवणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. चार वाजता सलोनी डोळे चोळत चहाला आली तशी त्यांनी तिला धरली.

“तुला ऑफिसात सॅली म्हणतात ना? आणि तू ओ देतेस?”

“आई, प्लीज यार. उठल्या उठल्या नको.”

“अगं, नाव बदलतात म्हणजे काय! तिकडं लोक उपाशी राहिले त्यापायी.”

“मला त्याचे पैसे देतात, आई. आणि शिफ्ट संपली की सॅली तिथंच हेडफोनवर लटकते. घरी मी सलोनीच असते.” तिनं बिस्किट चहात बुडवलं. “तुझं काय? तू भानुमती होतीस ना? माई मावशी गेल्यापासून तुला कुणी भानू म्हटलेलं मी ऐकलं नाहीये.”

पोरीनं सहज म्हटलं आणि ती आंघोळीला गेली. बाई कप धरून तिथंच बसून राहिल्या. मिरजेची भानुमती ओगले. वडील गेले, भाऊ गेला, गेल्या वर्षी माईही गेली. त्या नावानं हाक मारणारं आता या पृथ्वीवर कुणीच उरलं नव्हतं, आणि हे आपल्या लक्षातसुद्धा आलं नाही याचं त्यांना फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की त्यांना राग यायचा. त्या तडक बाल्कनीत गेल्या. तिथं दीनानाथ पेपर वाचत होते.

“अहो, माझं नाव वासंती कुणी ठरवलं?”

“मीच लिहिलं की. ताटात, तांदळात, अंगठीनं. सगळे लिहितात तसं.”

“लिहिलंत तुम्ही. सुचवलं कुणी?”

दीनानाथांनी पेपर खाली घेतला. सरकारी माणूस, विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायची सवय. “आईनं अलकनंदा ठरवलं होतं. पण माझं अक्षर मोठं. ‘अलक’ लिहिलं आणि ताट संपलं. भटजींना दुसऱ्या लग्नाला जायचं होतं, ते मागं लागले. मग मी सगळं हातानं सारखं केलं आणि वासंती लिहिलं. ते बरोबर मावलं.”

“पण वासंतीच का?”

“बिल्कुल काही कारण नाही गं. लहान होतं.”

बाई म्हणाल्या, “जपानी तरी बरे. त्यांनी सहा महिने दिले होते. पाळंद्यांनी एका ताटात उरकलं. आणि एवढं करून, तीसेक वर्षांत मला वासंती म्हणून एक हाक तरी मारलीत? सदा ‘अगं’ आणि ‘ऐकलंस का’. वापरायचंच नव्हतं, तर माझं काढून कशाला घेतलंत?”

संसदेतल्या तारांकित प्रश्नांची उत्तरं तयार करण्यात दीनानाथांची हयात गेली होती. या प्रश्नावर मात्र ते पेपरची घडी घालत राहिले.

त्याच आठवड्यात सोसायटीत नवा इंटरकॉम बसला, आणि कुठल्या फ्लॅटला कुणाचं नाव लावायचं ते ऑफिसात सांगा, अशी सूचना लिफ्टमध्ये लागली. बाई चप्पल घालून खाली गेल्या आणि भानुमती सांगून आल्या. दीनानाथ हादरले.

“अगं, कागदोपत्री सगळीकडं वासंती आहे! उद्या मी गेलो तर फॅमिली पेन्शन कुणाला मिळणार?”

“तुम्ही जा तर खरे. पेन्शनपुरती होईन पुन्हा वासंती.”

दीनानाथांनी एक दिवस अबोला धरला. कुणाला फारसा फरक पडला नाही.

पुढच्या रविवारी सकाळी ते दूध आणि कोथिंबीर आणायला बाहेर पडले. बाई पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणावर होत्या. युद्ध संपलं होतं, जपानी बोटी भरून निघाले होते, विलासराव... नव्हे, पार्क गिरणीवाला नवं सरकार कुणाचं येतं याचा वास घेत फिरत होता. तेवढ्यात इंटरकॉम वाजला. पुस्तकात बोट घालूनच त्यांनी फोन उचलला.

“नमस्ते मॅडम, गेट से बोल रहा हूँ. भानुमती जी हैं?”

“नहीं भैया, यहाँ कोई भानुमती नहीं रहती. गलत लग गया,” बाई म्हणाल्या, फोन ठेवला आणि सोफ्यावर येऊन बसल्या.

एक ओळ वाचून झाली. दुसरीच्या मध्यावर त्या थांबल्या.

कुणी दरडावलं नव्हतं. रेशन बंद होणार नव्हतं. आपणच, आपल्या तोंडानं, अस्खलित हिंदीत सांगून टाकलं की ती इथं राहत नाही. पुस्तकातली अक्षरं दिसेनाशी झाली.

इंटरकॉम पुन्हा वाजला. या वेळी गार्डच्या हातातून फोन घेऊन दीनानाथच बोलत होते.

“अगं, मी आहे. हा गार्ड नवीन आहे, मला आत सोडत नाहीये. म्हणतो, या फ्लॅटवर भानुमती मॅडमचं नाव आहे, आणि वरून सांगितलं की अशी कुणी राहतच नाही. तू सांग त्याला.”

बाईंनी पुस्तक मिटून ठेवलं.

“अगं, ऐकलंस का? दूध तापलंय उन्हात.”

बाईंनी पदरानं नाक पुसलं. “कोण हवंय आपल्याला?”

पलीकडून गाडीचा हॉर्न ऐकू आला, गार्ड म्हणत होता, “अंकल, साइड हो जाइए.”

“भानुमती,” दीनानाथ म्हणाले. साहेबाकडं रजा मागावी तसा आवाज.

“ऐकू येत नाहीये.”

“भानुमती!” दीनानाथ ओरडले. गेटवरचे ड्रायव्हर, इस्त्रीवाला आणि दुसऱ्या टॉवरमधल्या फिरायला निघालेल्या बायका, सगळे थांबून बघू लागले. “अगं भानुमती!”

“ओ,” भानुमतीबाई म्हणाल्या.