खंडेनवमी आणि माझा नोड

माझे हात कामाचे नाहीत हे मला आठव्या-नवव्या वर्षीच कळलं, कारण वडिलांनी ते स्वच्छ सांगितलं होतं. बाबा डिचोली तालुक्यातल्या एका खाणीवर, आमच्या बोलीत मायनवर, मेकॅनिक होते. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखणारा माणूस अशी आमच्या आमोण्यात त्यांची ख्याती. मी पाना उलटा धरला की ते तो माझ्या हातातून काढून घेत आणि म्हणत, "तूं पुस्तकां धर." मी पुस्तकं धरली आणि एका औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत चिकटलो. पण ते वाक्य काही पाठ सोडेना. चाळिशीत मी घरी बिटकॉइनचा नोड बसवायला घेतला, तो हौस म्हणूनच; पण त्या हौसेच्या तळाशी तो जुना राग होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

नोड म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर, एक हार्ड डिस्क आणि इंटरनेटची वायर. बिटकॉइनचे आजवर जगात जेवढे व्यवहार झाले तेवढे सगळे तो उतरवून घेतो आणि पहिल्यापासून एकेक तपासतो. कुणी सांगितलं म्हणून खरं मानत नाही. असे नोड जगभर लोकांच्या घरांत चालतात, आणि त्याचे पैसे मिळत नाहीत. तीन रविवार खर्चून मी तो जोडला. दोनदा वायर चुकली, एकदा बोट भाजलं, पण हात माझेच होते. टीव्हीखाली त्याचा निळा दिवा लुकलुकायला लागला तेव्हा बाबा येऊन समोर उभे राहिले.

"हें कितें करता?"

"तपासता."

"कितें तपासता?"

"लोकांचे व्यवहार."

"पैशे मेळटात?"

"ना."

"मागीर वीज कोण फारीक करतलो?"

बिल मीच भरतो हे त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नोडचं नाव घरजावई ठेवलं. कोपऱ्यात बसतो, आयतं खातो, काम काय करतो ते कुणाला दिसत नाही. शेजारी चहाला आले की बाबा त्यांच्यादेखत मला विचारत, "घरजांवय जेवलो मरे?" लोक हसत. मीही हसत असे आणि मनातल्या मनात एकेक हिशोब लिहून ठेवत असे.

बाबांना कुठे दुखतं हे मला माहीत होतं. खाण बंद पडली तेव्हा ते पन्नाशीत होते. हाती आलेल्या पैशांतून त्यांनी खनिज वाहायला जुना ट्रक घेतला, खाण आज ना उद्या सुरू होईल या भरवशावर. ट्रक अंगणाच्या कडेला उभा राहिला, त्याच्यावर वेल चढले आणि शेवटी तो भंगारात गेला. त्यानंतर ते पोफळीच्या बागांतले पंप दुरुस्त करू लागले. कुणी चहा पाजी, कुणी नारळ देई, कुणी नुसतंच कौतुक करी. पण पंप बिघडला की लोक आमच्याच दारात येत, आणि तेवढ्यावर बाबांची मान ताठ होती. दुसरं त्यांच्याजवळ काही उरलं नव्हतं.

ऑक्टोबर आला. नोड अकरा दिवस अखंड चालला होता. ब्याण्णव टक्के तपासून झाले होते, आणि शेवटचा भाग सगळ्यांत जड असतो, म्हणून मी त्याच्याकडे दिवसातून दहा वेळा बघत होतो. खंडेनवमीच्या सकाळी मी साखळी गावच्या बाजारात रोजांची, म्हणजे झेंडूची, फुलं आणायला गेलो. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. खाणीवर तर त्या दिवशी सगळी यंत्रं बंद ठेवून, धुऊन, हार घालून उभी करत, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी चावीला हात लावत नसे. खाण गेली तरी बाबांनी हा नेम सोडला नव्हता. पाटावर फडकं घालून पाने, पक्कड, हातोडा, मल्टिमीटर ओळीने मांडत आणि खाणीवरचे दोन जुने सोबती प्रसादाला येत.

मी परत आलो तेव्हा ते दोघे येऊन बसले होते. पाटावर पान्यांच्या शेजारी माझा नोड होता. पुसून लख्ख केलेला, वर हळदकुंकवाचं बोट, बाजूला एक जास्वंद. दिवा बंद. बाबा सोबत्यांना सांगत होते, "हें म्हज्या पुताचें मशीन. ताणें स्वता जोडलां. आयज मशीनांक सूटी."

मशीन हा शब्द बाबा कुठल्याही वस्तूला लावत नसत. मिक्सर त्यांच्या लेखी मशीन नव्हता, माझा लॅपटॉपही नव्हता. उभ्या जन्मात त्यांनी माझ्या हातच्या कामाला दिलेला तो एकच मान. आणि तो मी दारात फुलांची पिशवी घेऊन उभा असताना ऐकला. मला नीट कळलंही. कळूनही मी बोललो.

"तुका कोणें हात लावपाक सांगिल्लें?"

बाबा हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय; आज बंद ठेवून उद्या चालू करायचं हे मला ठाऊकच असणार. "आयज बंद दवरपाक जाय न्हू? फाल्यां चालू करया."

"तूं हात लायता तें बंद पडटा. मायन बंद पडलें, ट्रक बंद पडलो, आतां हें."

एक सोबती प्रसादाच्या वाटीत बघत राहिला, दुसऱ्याने उगाच घड्याळ पाहिलं. आई स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तशीच आत गेली. बाबांनी नोड दोन्ही हातांनी उचलला, पंच्याने त्यावरचं कुंकू पुसलं आणि टीव्हीखाली नेऊन ठेवला. मला बरं वाटलं. वाईट वाटायला हवं होतं हे खरं, पण बरं वाटलं, आणि ते जेवण होईपर्यंत टिकलं.

नुकसान म्हणाल तर एवढंच, की अचानक बंद झाल्यामुळे डिस्कवरची नोंद बिघडली आणि तपासणी पहिल्यापासून करावी लागली. मला स्वतःला काहीच करायचं नव्हतं. एक आज्ञा टाइप करून वाट बघायची. बारा-तेरा दिवसांत नोड शंभरावर पोचला. दरम्यान मी त्याच्यासाठी एक छोटा इन्व्हर्टर आणला आणि वर चिठ्ठी चिकटवली: हात लावू नये. आमच्या घरात तेव्हा आई, बाबा आणि मी अशी तीनच माणसं होती.

बाबा माझ्याशी भांडले नाहीत. पंपासाठी कुणी आलं की ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "ताका विचारात. म्हजो हात लागलो जाल्यार बंद पडटलो." सुरुवातीला लोकांना विनोद वाटला. मग लोक दुसऱ्या मेकॅनिककडे जाऊ लागले. चारेक महिन्यांत आमच्या दारात कुणी येईनासं झालं.

मे महिन्यात आईला ताप होता. संध्याकाळी कामावरून आलो तर घरात पंखा नाही, दिवा नाही. आई पलंगावर घामाने भिजलेली, बाबा उशाशी बसून वर्तमानपत्राने वारा घालत होते. दुपारी मेन स्विच पडला होता, एवढंच. वर ढकलला की झालं, शाळकरी पोरही ते करतं. घरात एकच वस्तू चालू होती, इन्व्हर्टरवरचा माझा नोड.

"स्विच वयर करूंक जायना जालो?"

"तुका विचारल्याबगर?" बाबा म्हणाले. आवाज अगदी साधा होता.

मी स्विच वर केला. आईने डोळे न उघडता म्हटलं, दोघांनी मिळून मला मारा एकदाचं.

तेव्हापासून बाबा सगळंच विचारतात. पंखा लावू, दिवा लावू, मोटर सोडू. पाहुण्यांसमोर तर हटकून विचारतात, आणि पाहुणे माझ्याकडे कसे बघतात तेही बघून घेतात. माफी मागायला हवी, हे मला रोज कळतं. पण त्यांनी बटणाखाली उभं राहून "लांव?" असं विचारलं, की मला पहिली येते ती चीड. मी हो म्हणतो, नाही असं नाही. फक्त कधी कधी, त्यांना घाम आलेला दिसत असूनही, थोडा वेळ थांबून म्हणतो.