वर्तमानपत्राच्या कव्हरातली कादंबरी

डिंडोलीहून साडीबाजाराकडे जाणाऱ्या बसमध्ये त्या रोज सकाळी माझ्या शेजारी बसायच्या. पन्नाशीच्या खानदेशी बाई, साड्यांच्या दुकानात घड्या घालायच्या. मांडीवर मुलीची कादंबरी असे, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली. आत कॉलेजमधलं प्रेमप्रकरण होतं. मुलगी कॉलेजसाठी होस्टेलला जायचं म्हणत होती, म्हणून ती वाचते तरी काय, ते त्या तपासत होत्या.

ओळीखालून बोट सरकायचं आणि मधूनच त्या चुकचुकायच्या. "दीडशे पानं झाली ताई, एकानेही वही उघडली नाही." दुसऱ्या दिवशी, "हा पोरगा दिवसभर कँटीनमध्येच. घरचे काही विचारत नाहीत का याला?"

"मग सोडून द्या," मी म्हटलं.

"अर्धवट कसं सोडू? पोरीला हो की नाही, ते सांगायचंय."

एका सकाळी नायक भांडून गाव सोडून निघाला. बाईंचा स्टॉप आला. मी त्यांना हलवलं, तर मान वर न करता म्हणाल्या, "थांबा, तो आत्ता स्टेशनवर पोचलाय." त्या दिवशी त्या दोन स्टॉप मागे चालत गेल्या.

पुस्तक संपल्यावर मी विचारलं, "मग, कसं वाटलं?"

त्यांनी कव्हर सारखं केलं. "बारावी झाली नि माझं लग्न झालं. कॉलेज राहिलं. शिक्षण बुडालं म्हणून इतकी वर्षं हळहळत होते. काय काय बुडालं, ते आता कळलं."

मी हसले. त्या मात्र खिडकीबाहेर बघत होत्या.

"पोरीला हो सांगितलं," त्या म्हणाल्या. "तिचं तरी सगळं होऊ दे."