घरात नाराज कोण आहे?

कुणी जुनी गाडी तपासायला बोलावलं, की सर गाडीबद्दल काहीच विचारत नसत. "घरात या गाडीवर नाराज कोण आहे?" एवढंच विचारत. मी "बायको" म्हणालो, तेव्हा फोनवरून उत्तर आलं, "उत्तम. त्यांना घेऊन या. आपण नाही आलात तरी चालेल."

वारज्याचे हे सर तंत्रशाळेत शिकवून निवृत्त झालेले. रोटरी इंजिनाच्या गाड्या पुण्यात बोटांवर मोजण्याइतक्या, पण त्यातली एखादी विकायला निघाली, की घेणारा आधी सरांकडे यायचा. या इंजिनात पिस्टन नसतो. तिकोनी रोटर फिरतो आणि त्याच्या तीन बाजू आळीपाळीने हवा दाबतात. सरांची तपासणी साधी. पेट्रोल आणि करंट बंद करायचा, प्लग काढायचा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा आणि भोकापाशी तळहात धरायचा. तीन फुसकारे सारखे आले, तर इंजिनात दम आहे. एखादा मवाळ आला, तर त्या बाजूची पट्टी झिजली. दाब मोजायचा गेज त्यांच्याकडे होता, पण तो नंतर. "आकडा दिसला की माणूस हुज्जत घालतो," ते म्हणत.

फुसकारे मोजायचे मात्र नाराज माणसाने. "गाडी आवडलेल्याला तिन्ही सारखेच ऐकू येतात," असं सरांचं ठाम मत.

मी मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्याच्या पिवळ्या गाडीवर भाळलो होतो. मला तिन्ही फुसकारे झकास वाटले. माझी बायको सुनंदा शांतपणे म्हणाली, "यातला दुसरा कुठे आहे?" इंजिन गार आहे, असं व्यापारी म्हणू लागला. सर म्हणाले, "आत्ताच खडकवासल्याला जाऊन आलोय. याहून गरम हवं असेल, तर चुलीवर ठेवावं लागेल." गाडी हुकली. मी आठ दिवस दोघांशीही धड बोललो नाही. मग मात्र राहवेना. सरांच्या पार्किंगमध्ये कव्हराखाली एक लाल रोटरी गाडी उभी असायची. तिचे फुसकारे कोण मोजतं, ते विचारायला मी गेलो.

"आमची ही मोजायची," सर म्हणाले. "त्या सीटवर कंबर मोडते म्हणून तिचा जन्मभर राग. तिच्याइतकं अचूक कुणी मोजलं नाही." बाईंना जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून कॉम्प्रेशन तपासलेलंच नव्हतं. "आता घरात नाराज व्हायला आहे कोण?"

यंदा लेकीने त्यांना कायमचं नागपूरला न्यायचं ठरवलं. सरांना स्वतः ती गाडी चालवत जायचं होतं. इंजिनाला एवढा पल्ला झेपेल का, हे कळायला हवं होतं, म्हणून त्यांनी सुनंदाला बोलावलं.

इंजिन तापवायला आम्ही तिघं खडकवासल्यापर्यंत गेलो. सुनंदा पुढे बसली. बाई कुठल्या वळणावर काय कुरकुरायच्या, ते सर सांगत होते आणि ती हसत होती. परत आल्यावर सर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी किल्ली फिरवली. दोन दणकट, एक जेमतेम. पुन्हा दोन दणकट, एक जेमतेम. या वेळी मलासुद्धा ऐकू आलं.

"सांगा, ताई."

सुनंदा बराच वेळ हात पुसत राहिली. "सर, मला नाही मोजता येणार," ती म्हणाली. "मला ही गाडी आवडायला लागलीय."

सर भिंतीकडेच बघत होते. तसेच "कळलं" म्हणाले आणि मला प्लग बसवायला सांगितला. त्या क्षणी मला त्या दोघांबद्दल फार माया वाटली. पुढच्या आठवड्यात गाडी ट्रकवरून गेली आणि सर रेल्वेने.

महिन्याभराने मी फोन केला. गाडीचा विषय काढायला जीभ रेटेना, म्हणून प्रकृती विचारली. सरच म्हणाले, की इंजिन उघडायचं ठरवलंय, पट्ट्या नव्या टाकायच्या. मग मी धीर करून विचारलं, "आणि मोजणार कोण?"

"लेक आहे ना. तिच्या स्कूटरची जागा अडवली म्हणून आल्या दिवसापासून फणफणतेय." इतक्या खुशीत मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "अगदी आईवर गेलीय."