एकेकाला विचारणारे भाऊसाहेब

आदरणीय सखाराम भाऊसाहेबांचा आणि माझा पहिला परिचय ग्रामसभेत झाला. ते तेव्हा आमच्या ग्रामपंचायतीत ग्रामसेवक म्हणून नुकतेच बदलून आले होते. सरपंचांनी ठराव वाचला, पुढच्या रांगेने "मंजूर, मंजूर" म्हटले आणि नारळ फोडायला घेतला. भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवले.

"मागं लिंबाखाली बाया उभ्या आहेत. त्यांचं काय म्हणणं, ते विचारलं का कुणी?"

एक म्हातारी म्हणाली, "आमाला काय इचारता, भाऊसाहेब? आमी टँकर कवा येतोय ते बघाया आलोय."

सभा हसली. भाऊसाहेब हसले नाहीत. "मग टँकरचंच आधी घेऊ," एवढेच म्हणाले.

त्यांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या अंकात त्यांच्या कामाविषयी इतरजण अधिकाराने लिहितील. मी शेतकरी माणूस. आमच्या वाडीत जे घडले तेवढेच सांगतो.

आमची वाडी पिंपरी पेंढारच्या पलीकडच्या माळावर. कारभार मात्र पिढ्यान्‌पिढ्या ओढ्यापलीकडच्या मोठ्या गावाकडे. नळ आला तो गावात, रस्ता थांबला तो ओढ्याशी. वाडीची स्वतंत्र ग्रामपंचायत व्हावी, असे आम्हा बऱ्याच जणांना वाटू लागले. मोठ्या गावाचा विरोध होता. अखेर दोन्हीकडच्यांनी ठरवले, की आधी वाडीचे मन काय आहे ते कळू द्यावे आणि ते भाऊसाहेबांनी विचारावे. निवृत्त होऊन ते आंबेगाव तालुक्यात आपल्या घरी राहत होते. निरोप मिळताच एसटीने आले.

सभा वाडीच्या खंडोबाच्या देवळात भरली. किसनभाऊ आमच्यातले सर्वांत उत्साही. त्यांनी ताटात बेल आणि भंडारा आणून ठेवला. "समद्यांनी बेलभंडार उचलायचा, वाडी वेगळी करायची म्हणून. मग कुणी फुटायचं न्हाई." उचललेला भंडारा म्हणजे देवापुढची शपथ, ती आमच्याकडे कुणी मोडत नाही. मलाही ते योग्यच वाटले.

भाऊसाहेबांनी भंडाऱ्याचे बोट कपाळाला लावले, ताट देवापुढे सरकवले आणि उभ्यानेच बोलले. "माझं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं. त्याआधी गावानं असाच भंडारा उचलला होता, कुणी गाव सोडायचं नाही म्हणून. माझ्या वडलांना आधी जाऊन नवी जमीन बघायची होती. पण बोलणार कसं? पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा निघालो. तोवर चांगली जमीन संपली होती. देवापुढं माणूस खोटं बोलत नाही, हे खरं. पण देवापुढं माणूस 'नको'सुद्धा म्हणत नाही."

मग त्यांनी सभा शाळेच्या पटांगणात नेली. वाडी वेगळी करण्याचा ठराव मी मांडला आणि त्यांनी हात वर करायला सांगितले. माझे वडील, ज्यांना सारी वाडी नाना म्हणते, कानांनी अधू. त्यांनीही हात वर केला. भाऊसाहेब त्यांच्यापाशी गेले आणि कानाशी वाकून विचारले, "नाना, हात कशासाठी वर केला?"

"समद्यांनी केला म्हून."

"वाडी गावापासून वेगळी करायची का, असं विचारतोय."

"येगळी? न्हाई बा. मुक्ताईच्या पालखीला मग आमचा खांदा राहील का?"

"नाना, लेक ठराव मांडतोय अन् तुमी मोडताय व्हय?" किसनभाऊ ओरडले.

"लेकाला ऐकू येतं, त्याला सांगा. मला न्हाई येत."

हशा पिकला, पण तो ओसरल्यावर मागून एकेक आवाज येऊ लागला, "माझंबी त्येच म्हणणं हाय." ग्रामदेवी मुक्ताईचे देऊळ मोठ्या गावात आहे आणि पालखीला वाडीचा खांदा आजोबा-पणजोबांपासून आहे. वर केलेल्या हातांखाली ही भीती दबून होती. आता वाडी दुभंगते की काय, असे मला वाटले.

भाऊसाहेबांनी त्या दिवशी निर्णय घेऊच दिला नाही. ते नानांचा प्रश्न घेऊन मोठ्या गावात गेले. तिथे टोमणा बसला, "येगळं व्हायचं तर देवबी नवा बघा, राव." ते रागावले नाहीत. गावातल्या जाणत्यांकडे ते पुन्हा पुन्हा जात राहिले. शेवटी गावाने शब्द दिला: कारभार वेगळा झाला, तरी पालखीचा खांदा राहील.

मग वाडीला पुन्हा विचारले. नाना म्हणाले, "आता करा." तरीही काहीजण 'नको'वर ठाम राहिले. भाऊसाहेबांनी त्यांचे म्हणणे ठरावात जसेच्या तसे घ्यायला लावले. 'सर्वानुमते' हा शब्द त्यांनी लिहू दिला नाही. पुढे शासनाची मंजुरी आली. 'नको' म्हणणाऱ्यांपैकीच एकजण आज आमचे उपसरपंच आहेत.

नाना आजारी पडले तेव्हा भाऊसाहेब आळेफाट्याच्या दवाखान्यात भेटायला आले. आम्ही घरचे नानांशी खुणांनी बोलत होतो. भाऊसाहेब मात्र कानाशी वाकून, वाट पाहत, पूर्ण वाक्ये बोलत बसले. तेव्हापासून मीही तसाच बसतो. यंदा पालखी निघाली तेव्हा नानांनी थोडी वाट खांदा दिला. उतरल्यावर विचारले, "भाऊसाहेब आले न्हाईत का?"

सत्काराच्या दिवशी शाल-श्रीफळ होईल, टाळ्या होतील आणि सगळे एका सुरात 'शतायुषी व्हा' म्हणतील. पण भाऊसाहेबांना एका सुराचा भरवसा नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. म्हणून वाडीने ठरवले आहे, की प्रत्येक घरातले माणूस पुढे येईल आणि आपल्या तोंडाने सांगेल. वेळ लागेल, भाऊसाहेब, पण बसून ऐका. नाना पहिल्या रांगेत असतील. त्यांच्या कानाशी वाकून तुम्हीच विचारा, की भाऊसाहेबांना निरोगी, दीर्घ आयुष्य मिळावे का? या वेळी ते काय म्हणतील, ते मी खंडोबाचा भंडारा उचलून सांगतो.