बूमचा प्लग, बकेटचा प्लग

थोरल्या जावयाला धाकटा जावई डोळ्यांत खुपायचा, आणि ते लपवणं त्याला कधी जमलं नाही. दोघे साडू एकाच शेडमध्ये कामाला. तिथं मोठमोठे एक्स्कॅव्हेटर दुरुस्तीला येत. थोरला वायरिंगचा मिस्त्री, धाकटा हायड्रॉलिकचा. म्हणजे एकाकडे वीज, दुसऱ्याकडे तेल. धाकट्याला या शेडमध्ये आणलं थोरल्यानंच, बायकोनं भुणभुण लावली म्हणून. त्या दिवसापासून तो पस्तावत होता.

कारण माणूस नको इतका गोड. डोक्यापासून पायापर्यंत तेलानं माखला तरी मशीनखालून हसत बाहेर येई. ऑपरेटर त्याच्यापाशी घरची गाऱ्हाणी सांगत बसत. सासुरवाडीत तर कहरच होता. पाण्याची मोटर बंद पडली की सासरे फोन लावत तो धाकट्याला. मोटर चालते विजेवर, घरचा जावई वायरमन, आणि बोलावणं तेलवाल्याला! थोरल्याच्या अंगाचा तिळपापड होई. बायको म्हणे, "तुम्ही आधी चार शब्द सुनावता आणि मग काम करता. ते नुसतं काम करून जातात." त्यावर हा ताटातून डोकं वर काढत नसे.

अशात शेडमधले हेडमिस्त्री निवृत्त व्हायला निघाले. त्यांच्या जागी दोघा साडूंपैकी एकाला बसवायचं, असं मालकांच्या मनात होतं. थोरल्याचे केस या शेडमध्ये पिकले होते. आपणच आणलेल्या माणसाच्या हाताखाली काम करावं लागेल, या विचारानं त्याला घास गोड लागेना.

त्याच दिवसांत खाणीवरचं एक मशीन आलं. थंड असताना ठणठणीत, पण तापलं की बूम, म्हणजे त्याचा मोठा हात, रडतरखडत वर जाई. दोष दोनच ठिकाणी असू शकत होता. एकतर कॅबिनमधल्या दांड्यापासून व्हॉल्वपर्यंत जाणाऱ्या वायरीत, नाहीतर तेल सोडणाऱ्या खुद्द व्हॉल्वमध्ये. व्हॉल्व उघडणं म्हणजे दिवसभराचं काम. म्हणून शेडचा नियमच होता, की थोरल्यानं "वायर स्वच्छ" म्हटल्याशिवाय व्हॉल्वला पाना लावायचा नाही.

थोरल्यानं मशीन चांगलं तापू दिलं. मग नेहमीची युक्ती केली. व्हॉल्ववर बूमच्या वायरीचा आणि बकेटच्या, म्हणजे माती उचलणाऱ्या सुपाच्या, वायरीचा असे दोन प्लग शेजारी असतात, अगदी जुळ्या भावंडांसारखे. त्यांची अदलाबदल करायची. बूम तरीही रखडला तर दोष व्हॉल्वचा. बूम सुधारला आणि बकेट रखडली, तर दोष वायरीचा. त्यानं कॅबिनमध्ये बसून दांडे ओढून पाहिले. बूम झोकात वर गेला, बकेट गोगलगायीसारखी हलली. म्हणजे वायर.

तेवढ्यात धाकटा चहा पिऊन आला. एका ऑपरेटरच्या गळ्यात हात, दोघंही कशावर तरी खिदळत. ते पाहिलं आणि थोरल्याच्या पोटात असं काही दुखलं, की मशीन बंद करून तो खाली उतरला आणि म्हणाला, "वायर स्वच्छ आहे. व्हॉल्व उघड."

बाकीचे मिस्त्री त्याला दोनदोनदा विचारून खात्री करून घेत. धाकट्यानं आजवर कधी विचारलं नव्हतं. "दादा म्हणाले ना," एवढं बोलून तो पाना शोधायला लागला. प्लग काढण्याआधी त्यानं खडूनं खुणा केल्या, काढले तसेच परत बसावेत म्हणून.

दिवसभर धाकटा व्हॉल्वचा एकेक भाग धूत राहिला आणि थोरला लांबून मनात मांडे खात राहिला. संध्याकाळी याचं हसं होणार, मग आपण जाऊन वायर शोधणार, मालक बघणार. या गोड विचारात एक गोष्ट त्याच्या डोक्यातून साफ निसटली. अदलाबदल केलेले प्लग त्यानं परत जागेवर लावलेच नव्हते.

संध्याकाळी व्हॉल्व जोडून झाल्यावर मशीन तापवून ऑपरेटरनं बूमचा दांडा ओढला. हलली बकेट, तीही कुथतकुथत. बकेटचा दांडा ओढला तर बूम धाडकन वर गेला, आणि जवळ उभे असलेले मालक उडी मारून मागे सरले.

थोरल्याला आत्ता ते प्लग आठवले. प्लग कुणी बदलले, बदलल्यावर त्याला काय दिसलं असेल आणि तरी तो काय बोलला, हे समजायला धाकट्याला क्षणही लागला नाही. त्यानं एकदा थोरल्याकडे पाहिलं. मग व्हॉल्वपाशी जाऊन खडूच्या खुणा अंगठ्यानं पुसून टाकल्या.

"प्लग बसवताना माझीच गफलत झाली," तो मालकांना म्हणाला.

मालक चिडले. मग आता बकेट का रखडते, वायर तर स्वच्छ होती ना, असं त्यांनी थोरल्याला विचारलं. उत्तर धाकट्यानंच दिलं. सकाळी मशीन थंड असणार, थंडपणी अशी वायर कुणालाही स्वच्छच वाटते, असं त्यानं सांगितलं. थोरल्यानं कॅबिनच्या तळाशी हात घातला आणि घासून उघडी पडलेली वायर काढून दाखवली.

मालकांनी तिथल्या तिथं निकाल दिला. व्हॉल्वपाशी असा गोंधळ घालणारा माणूस हेडमिस्त्री नको, ती जागा थोरल्याची. लोकांनी हात मिळवले, धाकट्यानंही मिळवला. थोरल्याला आनंदाच्या उकळ्या फुटायला हव्या होत्या, पण आता त्याला साडूचा पूर्वीपेक्षा जास्त हेवा वाटत होता. जागा आपल्याला मिळाली आणि मोठेपणा मात्र हाच घेऊन गेला, हे काही केल्या पचेना.

हात धुताना दोघं नळापाशी शेजारी आले. "खरं सांगून टाकायचंस. मला उपकार नकोत तुझे," थोरला घुश्शातच म्हणाला.

"दोघी बहिणी आहेत, दादा. त्यांच्यापर्यंत कशाला न्यायचं हे?" धाकटा नळ बंद करत म्हणाला. मग हात पुसता पुसता, न हसता, त्यानं आणखी एक सांगितलं. "फक्त उद्यापासून तुम्ही वायर स्वच्छ म्हणालात, तरी मी एकदा बघून घेईन."

नवा हेडमिस्त्री "बरं" म्हणाला.